गीझर लावला की मासळीचा वास

डिसेंबरात निफाडला पहाटे गीझरशिवाय भागत नाही. आई रोज सहाला बटण लावते आणि पाणी तापेपर्यंत देवाजवळचं आवरते. तर यंदा तिची तक्रार अशी, की वरच्या मजल्यावर भाड्याने आलेलं मालवणचं कुटुंब भल्या पहाटे सुके बोंबील भाजतं. आमचं घर माळकरी. "अगं, ज्याने त्याने खावं काय खायचं ते, पण सहा वाजता? पूजेच्या वेळेला?" तीन दिवस तिने सोसलं, चौथ्या दिवशी मला फोन केला.

मी विचारलं, "वास पहाटेच येतो का फक्त?"

"हो. माझी अंघोळ होईपर्यंत असतो. मग जातो."

"म्हणजे गीझर लावलेला असतो तेव्हा."

"गीझरचा काय संबंध त्याच्याशी?"

म्हटलं, बोर्डाला हात लावू नकोस, मीटरजवळचा मेन बंद कर, आज गार पाण्याने हातपाय धू, मी निघालेच.

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या मोल्डिंग कारखान्यात डिझाइन बघते. एकवीस वर्षं झाली. आमच्याकडे सॉकेट, पिनटॉप (म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग), स्विच यांचे भाग बनतात आणि दुसऱ्यांच्या नावाने विकले जातात. तुमच्या घरातल्या एखाद्या सॉकेटची पुढची प्लेट मी काढलेल्या ड्रॉइंगवरून आली असेल, तुम्हाला कळायचं नाही. त्यामुळे हा मासळीचा वास माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. पांढरी, कडक, टकटक वाजणारी जुनी सॉकेटं असतात ना, ती युरिया फॉर्माल्डिहाइड नावाच्या प्लास्टिकची. त्यात नायट्रोजन असतो. ते फार तापलं की त्यातून अमाइन जातीचे वायू सुटतात, आणि शिळ्या मासळीचा वास त्याच जातीच्या वायूंचा असतो. घरात मासे शिजत नसताना तो वास आला, की आधी बोर्ड बघावेत, मग शेजारी.

पिनटॉप काढला तर सॉकेटच्या डाव्या भोकाभोवती भाकरीवर पडतो तसा तपकिरी डाग. पिनटॉप उघडला. ज्याने तो लावला होता त्याने वायरच्या निम्म्या तारा कातरून टाकल्या होत्या, कारण सगळ्या एकत्र पिळल्या की पिनेच्या भोकात जात नाहीत. उरलेल्या स्क्रूखाली, आणि त्यांच्याबरोबर वरचं प्लास्टिकही दाबलेलं. वायर धरून ठेवणारी पट्टी होती, तिचे दोन्ही स्क्रू गायब. न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता. पितळ काळं पडलेलं.

आईने फोनवरून वायरमनलाही विचारून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण) मोठा टाकू. या सल्ल्याचा मला इतका राग येतो की त्यावर जरा थांबून लिहिते.

गीझर दोन हजार वॅटचा. २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो. सोळा अँपिअरच्या पॉइंटला हा आकडा किरकोळ. वायरला झेपतो, एमसीबीला झेपतो. बिघाड होता तो मोहरीएवढ्या जागेत. धातूला धातू टेकतो तो डोळ्यांना सपाट दिसतो, पण खरा स्पर्श काही ठिपक्यांवरच असतो. स्क्रू घट्ट असेल तर ठिपके पुष्कळ आणि दाबलेले. ढिला झाला की थोडे. समजा त्या जागी एक दशांश ओहमचा अडथळा तयार झाला. पावणेनऊचा वर्ग करा आणि त्याला ०.१ ने गुणा, साडेसात वॅट येतात. झीरोचा जुना बल्ब पंधरा वॅटच्या आसपासचा असायचा आणि त्याला हात लावला तरी चटका बसायचा. त्याच्या निम्मी उष्णता एका स्क्रूच्या टोकाशी, रोज वीस मिनिटं. पितळ आणि तांबं तापून काळं पडतं, म्हणजे वर ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज नीट नेत नाही, अडथळा वाढतो, आणखी तापतं.

या सगळ्यात करंट वाढलेला नसतो. उलट अडथळ्यामुळे झालाच तर किंचित कमी. मग एमसीबी का पडेल? तो जास्त करंटला पडतो. आरसीसीबी का पडेल? तो फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत आला की नाही एवढंच बघतो, आणि इथे तो इमानदारीत परत येतोय. घरातली सगळी पहारेकरी यंत्रं जागी असताना बोर्ड जळू शकतो, तो असा. एमसीबी मोठा टाकणं म्हणजे ताप आला म्हणून मोठा थर्मामीटर आणणं.

म्हणून आमच्या धंद्यात सुरक्षिततेचा विषय निघाला की लोक शॉकबद्दल बोलतात आणि माझं लक्ष पकडीकडे असतं. सॉकेटच्या भोकात डोकावलं तर आत पितळेची दुमडलेली पट्टी दिसते. पिनेला धरून ठेवणं एवढंच तिचं काम. पण साधं पितळ तापलं की त्याची स्प्रिंग हळूहळू मरते. एकदा पसरलं की परत मिटत नाही. गरम झालं की ढिलं, ढिलं झालं की आणखी गरम. फॉस्फर ब्राँझ जास्त टिकतं, महाग पडतं. मधला मार्ग म्हणजे पितळेच्या नळीभोवती स्टीलचं एक कडं घालायचं. धरून ठेवायचं काम कड्याचं, वीज न्यायचं पितळेचं. एका नगामागे काही पैसे वाढतात. त्या काही पैशांवरून मी जितक्या मीटिंगा केल्यात तितक्या माझ्या लग्नाच्या बोलणीतही झाल्या नव्हत्या.

जुन्या पिनटॉपच्या पिना मधोमध चिरलेल्या असायच्या, आठवतंय? आमचे अप्पा चाकूचं पातं त्या चिरेत घालून पिन जरा फाकवायचे. इस्त्री चालू-बंद व्हायला लागली की "आण गं चाकू". खरं तर तेही पकडच दुरुस्त करत होते. मात्र सॉकेटचं पितळ दर फाकवण्याबरोबर आणखी पसरत जायचं, आणि पुढचा साधा पिनटॉप त्यात गेला की लोंबकळायचा.

आता आपल्या पिनांची मापं बघा. आपली गोल तीन पिनांची पद्धत ब्रिटनच्या बीएस ५४६ वरून आली, १९३४ सालचं ते मानक. आपल्या आयएस १२९३ या मानकात लहान पिनटॉप सहा अँपिअरचा, मोठा सोळाचा. लहानाच्या दोन पिना जेमतेम पाच मिलिमीटर जाडीच्या, अर्थची (म्हणजे अर्थिंगची) सातची. मोठ्याच्या दोन पिना सातच्या, अर्थची पावणेनऊच्या जवळ. अर्थची पिन जाड का, असं विचारलं तर निम्मे लोक म्हणतात, जास्त करंट जावा म्हणून. जाड एवढ्यासाठी, की ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. आणि लांब एवढ्यासाठी, की घालताना आधी अर्थ जुळावी आणि काढताना शेवटी सुटावी. आंधळ्या माणसालाही उलटा घालता येणार नाही असं ते डिझाइन आहे. मला ते मनापासून आवडतं.

बिघडलं ते पुढे. मोबाइलचे चार्जर बघा. बऱ्याच चार्जरच्या पिना चार मिलिमीटरच्या, युरोपातल्या दोन पिनी पद्धतीच्या. तो युरोपी पिनटॉप मुळात अडीच अँपिअरपुरताच. त्याच्या पिना टोकाकडे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात, सॉकेटात त्या दाबून बसाव्यात म्हणून. त्या आपल्या पाच मिलिमीटरच्या भोकात गेल्या की भिंतीवरून मान टाकतात. मग आपण चार्जरखाली कागदाची घडी लावतो, वायर वरून खिळ्याला अडकवतो. चार्जरला करंटच थोडा लागतो म्हणून निभावतं. पण बाजारात "इंटरनॅशनल" नावाची सॉकेटं आली आहेत, भोकं अशी की अमेरिकेची चपटी पिन जाते, इंग्लंडची चौकोनी जाते, आपली गोल जाते. दुकानदार कौतुकाने दाखवतो. सगळ्यांना घरात घेणारं ते सॉकेट कुणालाच नीट धरत नाही. आतली पट्टी चपटीला टेकणार की गोलाला? एकाच पट्टीने सगळं करायचं म्हणजे दोन-तीन ठिपक्यांवर टेकणं आलं. पाहुण्याचा फोन चार्ज करायला ठीक. त्यावर इस्त्री लावू नका. आणि सोळाच्या पिनटॉपचं सहात रूपांतर करणारं ते ठोकळ्यासारखं कन्व्हर्टर, ज्यावर लोक थेट गीझर आणि ओव्हन लावतात, ते दिसलं की मी दुसऱ्याच्या घरातही काढून ठेवते. सहा अँपिअर म्हणजे तेराशे ऐंशी वॅट. दोन हजाराचा गीझर त्यात बसवताच येत नाही, कन्व्हर्टर काहीही म्हणो.

शटरची गोष्ट सांगायचीच आहे, कारण त्यात आमच्यासारखी एक बाई आहे. १९४२ मध्ये, युद्ध चालू असताना, ब्रिटनमध्ये युद्धानंतर बांधायच्या घरांच्या वायरिंगचा विचार करायला वीस जणांची समिती बसली. एकोणीस पुरुष आणि कॅरोलिन हॅस्लेट. बॉयलरच्या कंपनीत कारकुनी करता करता इंजिनिअरिंग शिकलेली, स्त्री इंजिनिअरांच्या संघटनेची पहिली सचिव. लहान मुलांचा विचार करून सॉकेटच्या भोकांवर आतून पडदा हवा, ही अट त्या समितीच्या अहवालात आली ती बरीचशी तिच्या आग्रहाने. त्यातून १९४७ मध्ये बीएस १३६३ हे नवं मानक निघालं. चौकोनी पिना, पिनटॉपमध्येच फ्यूज, आणि लांब अर्थ पिन आत गेली की बाजूच्या दोन भोकांवरचे पडदे सरकतात. म्हणजे ज्या वर्षी इंग्रज इथून गेले त्याच वर्षी त्यांनी आपला जुना पिनटॉप टाकायला घेतला. जुना इथेच राहिला. तसं बरंच काही राहिलं म्हणा.

अर्थच्या पिनेने उघडणारं शटर कागदावर सुंदर आहे. पण मी हॉस्टेलवर राहिलेली मुलगी आहे. दोन पिनी हीटिंग कॉइल शटरच्या सॉकेटात कशी घालायची हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सीनियरने शिकवलं होतं: बॉलपेनचं टोपण वरच्या भोकात दाबायचं, पडदा उघडतो, खाली पिना घालायच्या. टोपण हाताशी नसेल तर स्क्रू ड्रायव्हर. तेव्हा काही वाटलं नाही. आज वाटतं, डिझाइन करणाऱ्याने अर्थ नसलेली वस्तू कुणी लावणारच नाही असं धरलं होतं, आणि आम्ही बाथरूममध्ये बादलीवर उभ्या राहून त्याला खोटं पाडत होतो.

म्हणून आपल्याकडच्या पाच भोकांच्या सॉकेटात शटर वेगळं करावं लागतं. दोन्ही पिना एकदम दाबल्या तरच सरकणारं. तत्त्व सोपं आहे. उतरत्या दोन पाठी असलेला एक छोटा तुकडा. एकाच बाजूने टाचणी दाबली तर तो तिरका होऊन अडकतो, दोन्ही बाजूंनी सारखा दाब आला तर सरळ सरकतो. तत्त्व सोपं, पण मला त्याने आठ महिने खाल्लं.

पहिल्या ट्रायलचे नमुने मी टूलरूमच्या मामांसमोर ठेवले. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने डायमेकर, शिक्षण सातवी, हाताला शंभरावा भाग मिलिमीटर कळतो. त्यांनी खिशातून सेफ्टी पिन काढली, एका भोकात घातली, पडदा अडला. मी खूश. मग त्यांनी शिपायाच्या मुलीच्या केसातला यू आकाराचा आकडा मागवला, त्याची दोन्ही टोकं दोन भोकांत घातली आणि पडदा अलगद उघडला. "ताई, पोरगं एकच हात घालतं असं तुम्हाला कुणी सांगितलं?" सोडवणूक अशी केली, की पडदा बारीक वस्तूला सरकेल इतका हलकाच ठेवायचा नाही, आणि उताराच्या पाठीला मध्ये खळगा द्यायचा, बारीक टोक खळग्यात रुतून बसतं, गोल जाड पिन त्यावरून घसरते.

मग उलटं झालं. स्प्रिंग कडक केली तर माल परत येऊ लागला. दुकानदारांचा निरोप: सॉकेट खराब आहे, पिन जात नाही. खरंच, चार मिलिमीटरवाला चार्जर जरा तिरका धरला की पडदा अडायचा. आणि पिन जात नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक काय करतं? स्क्रू ड्रायव्हर घालून पडदा फोडतं. फुटलेल्या शटरचं सॉकेट बिनशटरच्या सॉकेटापेक्षा वाईट, कारण तुटलेला तुकडा आतच राहतो आणि पिनेला पूर्ण आत जाऊ देत नाही. पुन्हा तीच अर्धी पकड. शेवटी उतार आणि स्प्रिंग दोन्ही बदलून जमलं. जमलं म्हणताना दिवाळी आली, घरोघर रंगकाम सुरू झालं, आणि पुट्टी भोकात जाऊन पडदे बसल्या जागी चिकटले. त्यावर माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. रंगारी येणार असेल तर सॉकेटवर मास्किंग टेप लावा एवढंच सांगते.

पकडीची दुसरी बाजूही आहे. घट्ट म्हणजे किती घट्ट? आईची बोटं संधिवाताने वाकडी झालीत. पिनटॉप निघत नाही म्हणून ती वायरला धरून ओढायची, आणि त्या ओढण्यानेच आतला स्क्रू महिन्यामागून महिने ढिला होत गेला असणार. मानकात पिन सुटायला कमीत कमी किती जोर लागावा याचीही मर्यादा असते आणि जास्तीत जास्त किती याचीही, ती याचसाठी. बोटं अडकवायला बाजूला खाच, कान, काहीतरी हवं. आपले मोठे पिनटॉप गुळगुळीत साबणवडीसारखे का असतात? साचा सोपा होतो म्हणून. हे मी करणाऱ्यांच्या बाजूने कबूल करते.

पिनटॉप अर्धवट बाहेर असताना बोट पिनेला लागतं, हा आणखी एक घोळ. जर्मनीच्या शूको पद्धतीत सॉकेटच भिंतीत वाटीसारखं खोल असतं, पिना उघड्या दिसेपर्यंत वीज सुटलेली असते. ब्रिटनने १९८४ पासून पिनांच्या मुळाशी प्लास्टिकची बाही सक्तीची केली. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं, हे आपलं भाग्य. युरोपात बहुतेक ठिकाणी ते नसतं. बटण बंद करून मग काढायचं, एवढी एक आईची शिस्त आमच्या घरात तीन पिढ्यांना पुरली आहे.

आणि तरी गणपतीत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मंडपाची माळ येते, तिला पिनटॉप नसतो. पोरं दोन वायरी दातांनी सोलतात, भोकांत घालतात, काडेपेटीच्या दोन काड्या ठोकून पाचर मारतात. काड्या! लाकडाची पाचर, बाजूला थर्माकोल, वर पाऊस. आमच्या गल्लीतल्या मंडळाला मी दोन वर्षांपूर्वी बारा पिनटॉप नेऊन दिले, वायरी कशा लावायच्या ते दाखवलं. फेजची आणि न्यूट्रलची वायर बेताची ठेवा, अर्थची जरा लांब, म्हणजे ओढली गेलीच तर अर्थ शेवटी सुटेल. पोरांनी मान डोलावली. गेल्या वर्षी बघायला गेले तर बारापैकी सात जागेवर होते. उरलेल्या पाच ठिकाणी काड्या. मी विचारलं तर खजिनदार म्हणाला, "ताई, पिनटॉप चोरीला जातात, काड्या कुणी चोरत नाही."

निफाडला त्या दिवशी मी सॉकेटही बदललं आणि पिनटॉपही. नवं सॉकेट पॉलीकार्बोनेटचं. आमच्याकडे त्याची परीक्षा बघायला मजा येते: ८५० अंशांना लाल झालेली तार तीस सेकंद टेकवून ठेवायची, काढल्यावर तीस सेकंदांत ज्योत विझली पाहिजे, आणि खाली पसरलेल्या कागदाने पेट घ्यायचा नाही. त्या बाबतीत नवा माल जुन्यापेक्षा खाली नाही. पण पॉलीकार्बोनेटमध्ये नायट्रोजन नाही, म्हणून मासळीचा वासही नाही. ते मुकाट मऊ होतं, आतली पट्टी जागा सोडते. जुनं युरिया निदान ओरडायचं तरी. मालकांना मी एकदा म्हटलंही होतं, प्लास्टिकमध्ये तापल्यावर वास येईल असं काही घालू या का, गॅसच्या सिलिंडरला घालतात तसं. ते हसले. मी गमतीत म्हटलं नव्हतं.

वास नाही, म्हणून आईला हाताची सवय लावून दिली. गीझर वीस मिनिटं चालला, बटण बंद केलं, की पिनटॉपच्या पाठीला हात लावायचा. कोमट चालेल. चटका बसला तर मला फोन. नव्या पिनटॉपमध्ये वायरच्या सगळ्या तारा घातल्या, एकही न कातरता, टोकाला लग, म्हणजे धातूचं छोटं टोपण, दाबून. पट्टीचे दोन्ही स्क्रू आवळले. वायरला धरून ओढून बघितली, हलली नाही. जुना पिनटॉप मामांना दाखवायला डब्यात घालून घेतला.

आठवड्याने पुन्हा सव्वासहाला फोन.

"अगं, वास येतोय."

माझ्या पोटात गोळा. "मेन बंद केलास?"

"कशाला? पिनटॉप गार आहे, हात लावून बघितला. वर जाऊन विचारून पण आले." आवाज खाली आणून, "आज खरंच बोंबील आहेत. त्यांच्या सासूबाई आल्यात गावाहून. मला बस म्हणाल्या, पण मी म्हटलं, चहा तेवढा चालेल, कप आमचा आणते."